अठ्ठ्याऐंशीवं पान

लाज या विषयावर दोनदेव सरांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. सात-आठशे वर्षांपूर्वी धर्माच्या नावाने चौकशा चालत, आणि त्यांत दोषी ठरलेल्या माणसांना कपड्यांवर पिवळ्या पट्ट्या शिवून गावात फिरावं लागे. त्या पट्ट्या अंगावर वागवताना माणसाचं काय होतं, हे सरांनी तीस पानांत इतकं छान समजावलं होतं की वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सरांच्या डोळ्यांत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते, आणि त्या तीस पानांतलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

दोनदेव हे अर्थातच खरं नाव नव्हे. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सरांचा जन्म गेला तो एका जुन्या पंथाच्या अभ्यासात. त्या पंथाचे लोक म्हणत की देव एक नाही, दोन आहेत. चांगल्याने आत्मे घडवले आणि वाईटाने माती, दगड, हाडं, मांस. ही माणसं मांस खात नसत, खोटं बोलत नसत आणि काही झालं तरी शपथ घेत नसत. चौकशी करणाऱ्यांना ते फार सोयीचं पडे. समोरच्याला शपथ घ्यायला सांगायचं. नाही म्हणाला की झाला गुन्हा सिद्ध. शेजारपाजारच्यांना यातलं काही कळत नसे. सर दोन-दोन देवांचं करतात म्हणजे भलतेच भाविक असणार, असा त्यांचा समज होता. सरांची बायको म्हणायची, "दोन देव सांभाळतात ते, पण घरातला गॅस बंद करायला एकही आठवण करून देत नाही."

दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर सरांचं पहिलं व्याख्यान ठरलेलं असे. सर टेबलावर हात आपटून म्हणत, "जबानीत लिहिलंय, 'ती हो म्हणाली.' पण मुलांनो, तिला विचारलं काय होतं? प्रश्नांची यादी आधीच तयार होती. यादीत नसलेलं ती जे बोलली, ते लिहिणाऱ्याने लिहिलंच नाही. म्हणजे तुम्ही वाचताय ती बाई नव्हे, ती यादी आहे." मग मुलं माना डोलवत. मागच्या बाकावरचेही डोलवत. याच एका विचारावर सरांचं पुस्तक उभं होतं, आणि पुस्तकावर सर.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर त्याला चूक म्हणून सोडून देता आलं असतं.

विद्यापीठाच्या दप्तरखान्यात दुरुस्तीची एक खोली होती. उत्तरेला मोठी खिडकी, लांब टेबल, वजनं ठेवायचं फडताळ, एक लोखंडी दाबयंत्र. तिथे एकोणीस वर्षं एक बाई काम करत होत्या. फाटलेली पानं जोडायची, सुटलेली शिवण पुन्हा घालायची, वाळवीने खाल्लेल्या भोकांना पातळ कागदाची ठिगळं लावायची. सगळे त्यांना डिंकताई म्हणत. खरं तर त्या डिंकाला हात लावत नसत, पिठाची खळ वापरत. पण नाव पडलं ते पडलं. सर आणि त्या एकाच इमारतीत एकोणीस वर्षं वावरले. "काय ताई, बरं आहे ना?" "हो सर." एवढाच व्यवहार.

सरांच्या आवडीचा एक ग्रंथ होता, चौकशीच्या जबान्यांचा. चामड्याची बांधणी, आत जुन्या, अवघड लिपीत हाताने लिहिलेली जाड पानं. त्याची शिवण सैल झाली म्हणून तो डिंकताईंकडे गेला. दोन महिन्यांनी परत आला आणि लगेच फोटो काढायला पाठवला गेला. फोटोवाल्यांनी कळवलं की पान सत्त्याऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद येतं. अठ्ठ्याऐंशी नाही.

दप्तरखान्याच्या प्रमुखबाईंनी घाबरून सरांना बोलावलं. "सर, तुमचा तर आयुष्यभराचा ग्रंथ. अठ्ठ्याऐंशी होतं ना?"

"होतं म्हणजे काय! मी स्वतः वाचलंय," सर म्हणाले. त्यांनी स्वतःचंच पुस्तक उघडून तळटीप दाखवली: पाने ८७ ते ८९. सरांना कोणी शपथ घ्यायला सांगितली नाही. सही मागितली नाही. सरांनी सांगितलं म्हणजे तो पुरावाच.

चौकशीला तिघे बसले. प्रमुखबाई, कचेरीतले साहेब आणि जाणकार म्हणून सर. प्रश्न काढायचं काम सरांकडेच आलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी सुवाच्य अक्षरात अकरा प्रश्न लिहिले, क्रमांक घालून. दुसऱ्या दिवशी डिंकताई समोरच्या खुर्चीत बसल्या. खळीने पांढरी झालेली नखं त्यांनी मुठीत धरली होती. सर विचारत गेले आणि उत्तरं लिहीत गेले.

"ग्रंथ तुमच्या टेबलावर होता?"

"होता."

"घेताना पानं मोजली होती?"

"मोजूनच घेते मी. चिठ्ठीवर लिहून आत ठेवते."

"किती होती?"

"आता आठवत नाही. चिठ्ठी बघा." चिठ्ठी फोटोवाल्यांकडे कचऱ्यात गेली होती.

"खोलीची किल्ली आणखी कोणाकडे होती?"

"नाही. माझ्याकडेच."

"म्हणजे पान गेलं असेल तर तुमच्या टेबलावरूनच गेलं असणार?"

"गेलं असेल तर... तर हो. पण सर, शिवण बघा ना. प्रत्येक पान दुसऱ्या पानाला जोडलेलं असतं, मधे घडी असते. एक पान ओढलं की त्याचं जोडीचं सैल होतं. इथे काहीच सैल नाही. तुम्ही एकदा हात लावून—"

"ताई, विचारलंय तेवढंच सांगा," सर म्हणाले.

आवाज चढवून नव्हे. सर कधीच आवाज चढवत नसत. पुढचा प्रश्न यादीत तयारच होता, म्हणून म्हणाले.

शेवटी सरांनी जबानी वाचून दाखवली. "पान आपल्या टेबलावरून गेले असणे शक्य आहे, असे त्यांनी मान्य केले." डिंकताई ऐकत होत्या. पेन पुढे केलं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"हे मी असं नाही बोलले."

"मग काय बोललात?" साहेबांनी विचारलं.

"बोलले हेच. पण असं नाही." त्यांना पुढे सांगता येईना. "मी नाही सही करणार."

त्या बाहेर गेल्या. मग सरच म्हणाले, "सही करत नाहीत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." सरांच्या पुस्तकाचा तिसरा भाग नेमका याच वाक्याविरुद्ध लिहिलेला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

अहवालात चोरी हा शब्द कुठेही नव्हता. 'निष्काळजीपणा' होता, आणि नोकरी पुढे चालू ठेवू नये, एवढंच. जिन्यावर आणि चहाच्या खोलीत मात्र तो शब्द आपल्या पायांनी फिरला. डिंकताईंनी आपली हाडाची सुरी, दोन सुया आणि मेणाचा खडा पिशवीत घातला आणि किल्ली प्रमुखबाईंच्या टेबलावर ठेवली. सरांनी ते खिडकीतून पाहिलं. वाईट वाटलं त्यांना. पण ते वाईट वाटणं कसं, तर समोरच्या घरात कोणी आजारी पडलं की वाटतं तसं.

आठ महिने गेले. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती आणि प्रकाशकांना तळटिपा तपासून हव्या होत्या. एका दुपारी सरांनी माळ्यावरच्या खोक्यातून तरुणपणीची निळी वही काढली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. ग्रंथाला पानांचे आकडे नव्हतेच. आधी सरांनी पेन्सिलीने एकेका पानाच्या कोपऱ्यात आकडा घातला होता आणि मग सगळा मजकूर वहीत उतरवून घेतला होता. त्या आकड्यांचा त्यांना अजून अभिमान होता. सगळं जग त्यांच्याच आकड्यांनी त्या ग्रंथाचा दाखला देत असे.

सत्त्याऐंशीव्या पानावर एका विणकराच्या विधवेची जबानी होती. ती सांगत होती, "ती माणसं शपथ घेत नाहीत, कारण खोटं बोलायचंच नसेल तर". पान संपलं. वहीत समासात आकडा होता, ८९. आणि ओळ तशीच पुढे चालू होती: "शपथ कशाला पाहिजे."

सरांनी ते तीनदा वाचलं. मधे काही नव्हतं. एका बाईचं एक साधं वाक्य दोन पानांवर पसरलं होतं, आणि त्याच्या मधोमध आणखी एक पान बसायला जागाच नव्हती. सत्त्याऐंशीनंतर त्या सव्वीस वर्षांच्या शहाण्याने थेट एकोणनव्वद लिहिलं होतं. चहाला उठला असेल, कोणाशी बोलला असेल, देव जाणे. अठ्ठ्याऐंशीवं पान कधी नव्हतंच.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथे चोरही नव्हता. सरांनी चोरी स्वतः घडवली होती, पेन्सिलीने, चाळीस वर्षांपूर्वी.

मंगळवारी ते दप्तरखान्यात गेले. ग्रंथ मागवला. वाचला नाही. डोळे मिटून पानांची कड अंगठ्याखालून सोडत एकेक पान मोजलं. एकशे त्रेचाळीस. परत मोजलं. एकशे त्रेचाळीस. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात १४४ होतं. मग त्यांनी सत्त्याऐंशीच्या घडीत बोट घातलं. दोरा घट्ट, नीट, मेण लावलेला. दोन्ही पानं आपापल्या जोडीला धरून होती. चाळीस वर्षं हा ग्रंथ त्यांनी वाचला होता. शिवणीला हात पहिल्यांदाच लावला. कानाच्या पाळ्या तापल्या. टेबलापाशी समोर एक मुलगी वाचत बसली होती, तिने वर पाहिलं तर सरांनी मान खाली घातली. तिला काय माहीत! पण त्यांना वाटलं, दिसतंय. कपाळावर शिवल्यासारखं दिसतंय.

आता खरी गोष्ट अशी की सर गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. ती लिपी वाचणारी माणसं पाच-सहा, त्यातली दोन सरांचीच विद्यार्थी. सरांनी तो विचार केला. एकदा नाही, तीन दिवस केला. हे त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही, पण त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या तीन दिवसांची. आकडा चुकला तेव्हा ते पोरगे होते. प्रश्न विचारले तेव्हा मूर्ख होते. पण या तीन दिवसांत ते पुरते शुद्धीवर होते.

चौथ्या दिवशी बायकोने ताट पुढ्यातून उचललं. "काय झालंय ते सांगा, नाहीतर डॉक्टरकडे चला."

सरांनी सांगितलं. मग लिहून ठेवलेला कागद दाखवला. "पृष्ठांकनात त्रुटी राहिल्याचे आढळून आले असून..."

"आढळून आले? कोणाला?" बायको म्हणाली. "आणि राहिली म्हणजे? आपली आपण येऊन राहिली काय, पाहुण्यासारखी?"

"अगं, लिहायची पद्धत असते ती."

"त्या बाईला घालवलंत तेही पद्धतीनेच ना?" तिने कागद परत दिला. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच सरांना सोसेना. "अहो, दोन देवांचं केलंत जन्मभर. एक बाई काय सांगत होती ते ऐकता आलं नाही तुम्हाला?"

डिंकताई आता बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानात बसत. रस्त्याकडेचा गाळा, दोन मशिनं, दोरीवर लटकलेल्या पँटी, प्रत्येकीला टाचणीने लावलेली चिठ्ठी. सर दारात उभे राहिले. बहिणीने ओळखलं नाही, विचारलं, "उंची कमी करायची की कंबर?"

"ते विद्यापीठातले सर आहेत," डिंकताई न उठता म्हणाल्या. हातातली सुई थांबली नव्हती. बहिणीचा चेहरा एकदम बंद झाला.

सर उभ्या उभ्याच बोलले. पान नव्हतं. आकडा मीच चुकवला. तुमचा काही दोष नव्हता. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी सांडली आणि एवढीच उरली.

आता सुई थांबली.

"शिवण बघितली?" डिंकताईंनी विचारलं.

"बघितली."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी."

"मी सांगितलं तेव्हा का नाही?"

सरांनी तोंड उघडलं. "ते... यादीत नव्हतं," ते म्हणाले, आणि स्वतःचा तो आवाज ऐकून त्यांना तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

"मी आकडे बघत नाही सर. पानं मोजते. एकशे त्रेचाळीस लिहिलं असणार मी, तेव्हा आठवलं नाही. तुम्ही सगळे असे समोर बसलात की स्वतःचं नाव आठवेना."

"ताई, मला फार लाज वाटते हो."

"ती तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "मला कागद द्या. त्यात मी शिवण बघा म्हणाले होते हे पाहिजे. आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात, तेही पाहिजे. जसंच्या तसं."

सरांना ते वाक्य आठवत होतं. ताईंनाही आठवत असेल, असं मात्र त्यांना आठ महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं.

कचेरीतल्या साहेबांनी सरांचं निवेदन दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. "सर, तुमचा मोठेपणा आहे. पण हे जरा सौम्य करू या. 'नजरचुकीने' घालू. आणि हे शेवटचं, 'विचारलंय तेवढंच सांगा असे मी म्हणालो', हे कशाला? उगाच संस्थेच्या अंगावर येतं. बाईंना परत बोलावू, प्रश्न मिटला." त्यांनी तिथल्या तिथे नवा कागद छापून आणला. चांगला होता तो. सरांना स्वतःलाही त्याहून चांगला लिहिता आला नसता. साहेबांनी पेन पुढे केलं.

सरांनी हात मागे घेतला. "हे मी असं नाही बोललो."

"अहो, मुद्दा तोच आहे की!"

"मुद्दा तोच आहे. पण असं नाही." त्यांना पुढे सांगता येईना. एवढी भाषा येणारा माणूस, पण त्या खोलीत डिंकताईंना जेवढं सांगता आलं होतं त्याच्यापुढे एक अक्षर सरकेना.

साहेब हसले, चेष्टेनेच म्हणाले, "सर, सही करत नाही म्हणजे पाणी मुरतंय म्हणायचं का? तुमचंच वाक्य आहे."

"माझंच आहे," सर म्हणाले. "तेही घाला त्यात."

साहेबांनी ते घातलं नाही आणि सरांच्या निवेदनावर शिक्काही दिला नाही. मग सर बाहेरच्या बाकावर बसून राहिले. लोक येता-जाता नमस्कार करत; सर प्रत्येकाला नमस्कार करत आणि प्रत्येक वेळी खजील होत. जेवायची सुटी झाली, संपली. अडीचच्या सुमाराला प्रमुखबाई आल्या, त्यांनी निवेदन वाचलं, तिथेच बाकावर सरांच्या शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी पण होते हो तिथे. ऐकलं होतं मी." त्यांनी खाली आपली सही केली, साहेबांच्या टेबलावरून शिक्का आणून मारला आणि कागद सरांच्या हातात दिला.

सर पुन्हा दुकानात गेले तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. डिंकताईंनी कागद घेतला. सवयीने आधी मोजला. एक पान. उलटून मागची बाजू पाहिली, कोरी होती. वाचला मात्र नाही. परत सरांपुढे धरला.

"वाचून दाखवा."

"आत्ता? इथे?"

"तेव्हाही वाचूनच दाखवलं होतं ना? हिने आठ महिने ऐकून घेतलंय रस्त्यावर माझ्यापायी. हिलाही ऐकू दे."

बहिणीने मशीन थांबवलं. गिऱ्हाइकं सरांकडे बघू लागली. सरांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. आकडा मी चुकवला. पान कधीच नव्हते. बाईंनी पाने मोजली होती आणि ती बरोबर होती. शिवण बघा, असे त्या मला म्हणाल्या. त्यावर मी त्यांना म्हणालो...

इथे आवाज खाली गेला. चाळीस वर्षं व्याख्यानं दिलेला गळा तो. सरांनी ते वाक्य घाईघाईने, तोंडातल्या तोंडात उरकलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

"थांबा," डिंकताई म्हणाल्या. त्यांनी हातातली पँट बाजूला ठेवली, सुई टोचून ठेवली आणि पहिल्यांदाच सरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "ऐकू आलं नाही. तेवढंच परत वाचा."

सरांनी तेवढंच परत वाचलं.